वालिकोची खुर्ची

पाकिटातल्या नूडल्स! पाहुण्यांना! त्या वाट्या बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं.

आमच्याकडे राहणारी मेरी ही अमेरिकेतून गावच्या शाळेत बिनपगारी इंग्रजी शिकवायला आलेली पोर. तिनं म्हणे इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं, की जॉर्जियातल्या राचाच्या डोंगरात कुणी वाटसरू आला तर माझ्याकडे झोपायला जागा आहे. माझ्याकडे म्हणे! घर माझं, छप्पर माझं आणि पाहुणे हिचे. दोन पोलिश पोरं सायकली ढकलत, चिंब भिजून आली, तर ही बया त्यांना आपल्या खोलीत बसवून शेवया खायला घालत होती.

"नाझिको मावशी, हे माझे पाहुणे आहेत. तुम्ही काही करू नका," ती म्हणाली.

"उंबरा कुणाचा ओलांडून आले?" मी विचारलं आणि वाट्या उचलून कोंबड्यांपुढे ओतल्या.

मग राजमा भरलेल्या रोट्या लाटल्या, चीज काढलं, मोठं टेबल मांडलं. पण पाहुण्यांचं टेबल मांडलं की पेला उचलून बोलणारा तामादा लागतो, आणि घरात पुरुष एकच, माझा नवरा इलारिओन. त्याचा भाऊ वालिको ट्रॅक्टरखाली गेला, तेव्हापासून हा माणूस कुणाच्या टेबलावर बसला नव्हता. दोन वर्षं स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायचा. शेजारचा गुराम कितीदा बोलवायला आला, पण याचं आपलं एकच, नको. मला दोन शब्द बोलला तरी दिवस बरा गेला म्हणायचा.

पण पाहुणे उपाशी आणि तामादा नाही, ही लाज त्याला सोसली नाही. शर्ट बदलून आला. मेरी खुशाल त्याच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर जाऊन बसली. ती खुर्ची वालिकोची. इलारिओननं एकदा बघितलं आणि पेला उचलला.

आणि बोलला हो! घरादाराबद्दल, द्राक्षाच्या वेलींबद्दल, त्या पोरांच्या आयांबद्दल. मेरी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती. मी आत जाऊन तोंडात एप्रनचा बोळा कोंबून रडून घेतलं. गावातल्या कुणाकडेही बघितलं की इलारिओनला त्याच्या डोळ्यांत वालिको दिसायचा. या परक्या पोरांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून त्याला बोलता आलं.

मग उन्हाळाभर रांगच लागली. डच आले, चिलीची एक म्हातारी आली, पाठीवर घर बांधल्यासारखी. संध्याकाळ झाली की इलारिओन उगाच फाटकाशी जाऊन रस्ता न्याहाळायचा. एकच गोष्ट राहिली होती. तामादानं बोलून झालं की 'अलावेर्दी' म्हणून शब्द दुसऱ्याच्या हाती द्यायचा, आणि त्यानं तो पुढे न्यायचा. पूर्वी तो वालिकोला मिळायचा. आता इलारिओन कुणालाच देत नव्हता. आपलंच बोलायचा, प्यायचा आणि खाली बसायचा.

शरद लागला आणि पाहुणे बंद झाले. एक नाही, दोन नाही, कुणीच नाही. इलारिओन परत भिंतीकडे तोंड करून जेवायला लागला. मी मेरीला धारेवर धरलं, तेव्हा कळलं की बाईसाहेब सगळ्यांना नाही म्हणून कळवत होत्या. मी चिलीच्या म्हातारीसाठी अंडी देणारी कोंबडी कापली, ते तिनं बघितलं होतं. आमच्यावर भार पडतो, असं तिला वाटलं.

मी कपाळाला हात लावला. मग तिला शेंगा सोलायला बसवलं आणि सगळं सांगितलं. वालिकोचं, भिंतीचं, खुर्चीचंसुद्धा. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. पण आता सांगून काय उपयोग? घाटात बर्फ पडलं होतं. सायकलवाले कुठून यायचे?

शनिवारी संध्याकाळी फाटक वाजलं. इलारिओन उठला, मी मागून गेले. बाहेर मेरी उभी. पाठीवर तिची ती मोठी पिशवी, टोपी, बूट, सगळा थाट.

"वाटसरू आहे," ती म्हणाली. "आजच्या दिवस जागा मिळेल का?"

मला वाटलं, हा आता पाठ फिरवून आत जाणार. इलारिओननं तिला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. मग मला म्हणाला, "सुरई कुठंय?" आणि वाइन काढायला गेला.

टेबल मांडलं. मेरी आज खुर्चीपाशी नुसती उभी राहिली, बसेना. त्यानंच खुर्ची मागे ओढून दिली. मग पेला उचलला आणि गेलेल्यांसाठी म्हणून बोलायला लागला. उन्हाळाभर तो हे मोघमच बोलायचा. आज म्हणाला, "माझा भाऊ वालिको." दोन वर्षांत हे नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग तो तिच्याकडे वळला.

"अलावेर्दी, मेरी."

पोर गडबडली. आज इंग्रजीत सांगायला समोर कुणी नव्हतं. आपल्या मोडक्यातोडक्या जॉर्जियनमध्ये हळूहळू म्हणाली, "काका, मी वालिकोला बघितलं नाही. पण उन्हाळाभर त्याच्या जागी बसले, आणि तुम्ही मला एकदाही उठवलं नाही."

तिनं पेला रिकामा केला. इलारिओनचे डोळे भरून आले होते, पण त्यानं पुसले नाहीत.

"पुन्हा बाहेरून फाटक वाजवू नकोस," तो म्हणाला. "घरचं माणूस वाजवत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चूल पेटवत होते, तर कुंपणापाशी आवाज. इलारिओन गुरामला जेवायला हाक मारत होता. मी मोठं टेबल पुसलं आणि चार ताटं मांडली.