मोठ्यांची रेंज

पहिला फटका डासाला बसला, आणि तो माझ्या वाट्याचा होता.

डास म्हणजे आमच्या लॅबमधला रक्त काढणारा. वीस वर्षं लोकांना टोचतोय, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. सकाळी दार उघडल्या उघडल्या एक माणूस आत घुसला, त्याने डासाच्या तोंडावर रिपोर्ट फेकला आणि कोपराने त्याचं नाक फोडलं. "नॉर्मल म्हणे! माझी पोर फुगलीय, कालपासून लघवी नाही, आणि तुमचं सगळं नॉर्मल?" मग गचांडी धरून त्याचं डोकं काउंटरच्या काचेवर आपटलं. काच फुटली. डास खाली कोसळला तरी लाथा चालूच.

मी मशीनमागे उभी. एरवी माझ्या तोंडाला सगळी लॅब टरकते, पण तेव्हा मी जागची हललेही नाही. तो कागद मी ओळखला होता.

क्रिएटिनिन म्हणजे अंगातल्या मांसाचा कचरा. तो किडनी बाहेर टाकते. मांस जास्त, तर कचरा जास्त. मोठ्या माणसाला १.१ चालतं. चार वर्षांच्या काडीएवढ्या पोरीला ०.५ च्या वर गेलं की डॉक्टरकडे धावायचं. पण आमचा कॉम्प्युटर सगळ्यांना मोठ्यांचीच रेंज, म्हणजे नॉर्मलची हद्द, छापतो. ती खोडून मुलांची रेंज मी पेनाने लिहायची, ही आमची पद्धत. गेल्या आठवड्यात मी डासाशी कडकडून भांडत होते, तेही कुणाचा कप कुणी उचलला यावरून! त्या रागात या पोरीच्या १.१ पुढे सही ठोकली आणि खोडायचं राहिलं. आग लागो माझ्या जिभेला.

"अहो, सोडा त्याला!" बाहेरच्या बाकावरून आई किंचाळली. पोर तिच्या मांडीवर होती, डोळे सुजून मिटलेले. "डॉक्टरांनी आधी रक्त तपासून आणायला सांगितलंय ना!"

सुजलेल्या हातात शीर शोधणं मला जमत नाही. डासच उठला. नाकात कापूस कोंबला, हात धुतले, हातमोजे चढवले आणि ज्याने तुडवलं त्यालाच म्हणाला, "हात धरा तिचा. हलू देऊ नका." बापाने धरला. एकाच टोचण्यात रक्त आलं. डासाचं स्वतःचं रक्त हनुवटीवरून शर्टावर गळत होतं.

क्रिएटिनिन ३.४ आलं. किडनीचंच दुसरं माप, सिस्टॅटिन सी, तेपण लावलं, कारण ते मांसाच्या कमी-जास्तीने फारसं फसत नाही. तेही भयंकर वाढलेलं. या वेळी मी रेंज पेनाने लिहिली आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"भाऊ," मी कागद देताना म्हटलं, "आधीच्या रिपोर्टवर सही माझी आहे. याने फक्त रक्त काढलं. चूक माझी."

त्याची मूठ माझ्या नाकापर्यंत आली. मग त्याने त्याच मुठीत कागद घेतला.

"आत्ता वेळ नाही," तो म्हणाला. "पोर वाचली तर सुटलात, बाई. नाही वाचली तर येतो मी."

त्या दिवसापासून दार वाजलं की मी मान वर करून बघे. तो दिसला नाही की मी मनात म्हणे, आहे, पोर अजून आहे. डास नाकाला पट्टी लावून रोज विचारी, "आला नाही ना, ताई?"

एकोणिसाव्या दिवशी तो आला. डासाने मला मागे ढकललं, पण मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.