मागच्या डेकचा कठडा

मिस्त्रींनी उभा जन्म गोदीत फिटर म्हणून काढला आणि निवृत्तीनंतर जहाजांच्या छोट्या प्रतिकृती करायचा नाद लावून घेतला. पण आताची ही प्रतिकृती हौसेची नव्हती. ज्या जहाजाची ती होती, त्याच्याच मागच्या डेकवरून तिथे कामाला असलेला त्यांचा मुलगा समुद्रात पडून गेला होता. जहाजाची कंपनी म्हणत होती, कठडा शाबूत होता, त्यानेच उडी मारली. उद्याच्या चौकशीत ही प्रतिकृती मांडून सुनेला दाखवायचं होतं की तिथला कठडा तुटलेला होता आणि त्या जागी नुसता दोर बांधला होता. मुलानेच तिला फोनवर तसं सांगितलं होतं.

मिस्त्री चिमट्याने एकेक खांब डेकच्या भोकात बसवत गेले. खांब काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक, आणि म्हाताऱ्याचे हात आताशा थरथरायचे; पण कामाला बसले की मेले गुमान वागायचे. मग त्यांनी एकच अखंड तार या टोकापासून त्या टोकापर्यंत ओवली. जोड दिलेला कठडा त्यांना बघवत नसे.

संध्याकाळी सून आली. जहाजाभोवती फिरून ती मागच्या बाजूला थबकली. कठडा तिथेही पुरा होता.

"बाबा, हे काय केलंत? हे बघून ते म्हणतील, त्यानेच उडी मारली."

मिस्त्रींना मान वर करवेना. विसरलो म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण या पोरीशी खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. तिथे मोकळी जागा सोडायला हात धजला नाही, एवढंच ते कसंबसं म्हणाले.

सुनेने कात्री उचलली. त्यांनी तिचा हात धरला. रागाने नव्हे, अखंड तार मधेच कापली असती तर सगळाच कठडा ढिला पडला असता. आधी त्यांनी दोन्हीकडच्या खांबांना गोंदाने तार चिकटवली, ती वाळू दिली, आणि मगच मधले दोन खांब आणि तार स्वतःच्या हाताने कापली. तिथे एक दोरा बांधला, मुलाने सांगितला होता तसाच, सैलसर.

मुलगा गेला ती जागा आता बोटाच्या पेराएवढी होती. दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

"एवढा कठडा नीट करणं तासाभराचं काम होतं गं," ते म्हणाले. "खऱ्या जहाजावरसुद्धा तासाभराचंच."