कुलूपवाल्याच्या छातीचा एक्स-रे

मी एका कुलूपवाल्याच्या छातीचा एक्स-रे. मला कुणी बोल म्हटलेलं नाही, तरी बोलतो. पाहणारे पुष्कळ झाले, ऐकणारं कुणी भेटलं नाही.

कुलूपवाला शिडीवरून पडला, खांदा ठणकत होता, बरगड्या दुखत होत्या, म्हणून इस्पितळात आला. "काका, छाती इथे टेकवा. श्वास घ्या. धरा," एक्स-रे काढणाऱ्या बाई काचेआडून म्हणाल्या. त्याने धरला. "सोडा."

"सुटलो बुवा! एवढा वेळ तर मी कुलूप उघडायलाही लावत नाही."

बाई हसल्या. 'धरा' आणि 'सोडा' यांच्या मधे मी झालो.

माझ्या आधीचे एक्स-रे काळ्या फिल्मवर निघत, मोठ्या पाकिटातून घरी जात. खिडकीशी धरून घरातला प्रत्येक जण त्यात काहीतरी शोधायचा. कळायचं कुणालाच नाही, पण कपाटावरचं पाकीट दिसलं की डॉक्टरकडे जायची आठवण व्हायची. मला पाकीट नाही. मी इस्पितळाच्या ऑनलाइन यादीतली एक ओळ आहे. डॉक्टरांना पासवर्ड टाकून मला कुठूनही उघडता येतं. सुरुवातीला याचं मला कौतुक होतं. आता कसलंच काही वाटत नाही.

कुलूपवाल्याची थोरली बहीण त्या दिवशी खिडकीवर भांडली होती. "फोटो हातात द्या."

"ताई, हातात काही मिळत नाही आता. सगळं ऑनलाइन. डॉक्टरांना तिथेच दिसतं."

"दिसतं ते ठीक. बघतात का?"

खिडकीतल्या माणसाने पुढचा नंबर पुकारला.

आमच्या यादीची एक रीत आहे. न उघडलेली ओळ ठळक असते, एकदा उघडली की फिकट होते. फिकट म्हणजे पाहून झालेली. डॉक्टर मंडळी ठळक ओळी भराभर उघडतात आणि फिकट ओळींकडे ढुंकूनही बघत नाहीत. काम संपण्यापेक्षा काम संपल्याची खूण माणसांना जास्त आवडते, असं माझं मत आहे. ते बदलावं असं काही मी अजून पाहिलेलं नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी मला दहा मिनिटांत उघडलं. हाडं बघायची होती, हाडंच बघितली. "काही मोडलेलं नाही. पंधरा दिवस शिडी बंद." मला मिटलं. ओळ फिकट झाली.

रिपोर्ट दुपारी आला. तो लिहिणारे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत बसतात, दिवसभर माझ्यासारख्यांनाच वाचतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं, चहा गार होऊ दिला, आणि लिहिलं: हाडं ठीक. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला लहान गाठ. सीटी स्कॅन करून खात्री करावी.

रिपोर्ट माझ्या ओळीखाली येऊन बसला. पण ओळ आधीच फिकट झालेली, आणि रिपोर्ट आला म्हणून ती पुन्हा ठळक होत नाही. लिहिणाऱ्यांना वाटलं, हाडांचे डॉक्टर वाचतील. हाडांच्या डॉक्टरांना वाटलं, हे तर पाहून झालंय. कुणी वाईट नव्हतं. त्याने गाठ काही वाढायची थांबली नाही.

अकरा महिने मी पडून होतो. आमच्यावर धूळ बसत नाही, एवढंच.

मग कुलूपवाला खोकत आला. नवा एक्स-रे निघाला आणि छातीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या शेजारी मला उघडलं. माझ्यात गाठ वाटाण्याएवढी होती. नव्यात लिंबाएवढी. त्यांनी खालचा रिपोर्ट वाचला, तारीख पुन्हा वाचली.

"हे मागच्या वर्षीच लिहून ठेवलेलं होतं," त्या म्हणाल्या. लपवलं नाही, एवढं मान्य करायला हवं.

"कोणासाठी लिहून ठेवलं होतं?" बहिणीने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहायला घेतली.

"जाऊ दे गं ताई," कुलूपवाला म्हणाला. "कुलूप उघडंच होतं, कुणी कडी काढली नाही. माझ्या धंद्यात रोज बघतो मी."

"तू गप रे. मी विचारणार."

त्यानंतर तो पाच महिने होता.

बहिणीने अर्ज केला, तेव्हा मी पहिल्यांदा कागदावर आलो. तिने मला खिडकीशी धरलं. मग रिपोर्टवर बोट ठेवून एकेक शब्द शेवटपर्यंत वाचला. आता ती दर सोमवारी इस्पितळाच्या ऑफिसात जाते, मी तिच्या पिशवीत. तिचं एकच मागणं आहे: रिपोर्ट आला की ओळ पुन्हा ठळक झाली पाहिजे. "विचार चालू आहे, ताई," ते म्हणतात. "चालू द्या. मी बसते," ती म्हणते, आणि बसते.

यादीतही मी आहेच. आता तर मला रोज कुणी ना कुणी उघडतं, चौकशीसाठी. डॉक्टरसाहेब, दुसऱ्या कुणाची फिकट ओळ समोर आली तर तीही उघडा, खालचं वाचा. आम्हाला दाखवता येतं, हाक मारता येत नाही.

कुलूपवाल्याच्या नावापुढे आता नवी ओळ येत नाही. त्याने त्या दिवशी धरलेला श्वास माझ्यात आहे. बाई 'सोडा' म्हणाल्या, ते त्याने ऐकलं. मी तोवर होऊन गेलो होतो.