घोंगडीतून जात नाही

महिपतीचं पोट बोटांच्या शेंड्यांवर चालायचं. सोलापूरच्या गिरणीत, सूतखात्यात, तुटलेला धागा चिमटीत धरून जोडायचा हे त्याचं काम. आणि त्या बोटांना फोड आणायचं काम नव्या पेठेतल्या गुरुबसप्पाच्या हॉटेलानं अंगावर घेतलं होतं.

आतल्या बाकांवर बसणाऱ्यांना कानवाल्या चिनी कपातून चहा मिळे. महिपती पडला अस्पृश्य. त्याला मागच्या दाराशी उभं राहून जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, बिनकानी पेल्यातून. चहा ओतला की पेल्याचा निखारा व्हायचा. फोडांपायी दोनदा त्याचे धागे सुटले, आणि पुन्हा सुटले तर घरी बसायचं, असं खात्याच्या मुकादमानं, जॉबरनं बजावलं. म्हणून त्यानं चिनी कप मागितला.

गुरुबसप्पाला गिऱ्हाईक सोडवेना आणि रीत मोडवेना. त्यानं हिंदुराव मास्तरांना विचारलं. मास्तर शाळेत पदार्थविज्ञान शिकवत, आणि फुकटचा चहा मिळाला की हॉटेलातही शिकवत. उष्णता धातूतून झरझर पळते, चिनी मातीतून रेंगाळते, लोकरीतून तर जवळजवळ जातच नाही, असं त्यांनी समजावलं. मग चिनी कप द्यावा का? छे, विटाळाचं शास्त्र निराळं. मातीत तो मुरतो, धातूवरचा राखेनं निघतो, लोकरीला मात्र लागतच नाही. लोकर सदा सोवळी. तेव्हा महिपतीनं पेला घोंगडीच्या तुकड्यात धरावा. दोन्ही शास्त्रांची सोय लावल्याबद्दल मास्तरांनी आणखी एक कप मागवला.

मागच्या दाराशी महिपती कान देऊन ऐकत होता. मास्तरांना इतका चांगला विद्यार्थी शाळेत कधी मिळाला नसावा.

दुसऱ्या दिवशी तो अख्खी घोंगडी घेऊन पुढच्या दारानं आत शिरला, मास्तरांच्याच बाकावर ती अंथरली आणि वर बसला. मास्तर ताडकन उठले. सगळं बाटवलं म्हणून त्यांनी आकांत मांडला, तसा गुरुबसप्पाही धावत आला.

महिपती उठला नाही.

"मास्तर, घोंगडीतनं धग जात न्हाय आन् इटाळ बी जात न्हाय, ह्ये तुमीच सांगितलं की. मंग तुमास्नी चटका कशाचा बसला?"

गुरुबसप्पानं नकळत बाकाला हात लावून पाहिला. बाक गार होता.