कावीच्या भिंतीला टाईल्स नकोत

मी एक जुनी भिंत आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. पेडण्याजवळच्या एका लहान गावात, देवळाच्या सभामंडपात मी उभी आहे. आणि मित्रांनो, कुणाच्या मेहेरबानीवर उभी नाही.

सगुण नावाच्या कारागिराने मला घडवले. गुळाच्या पाण्यात मुरवलेल्या चुन्याचा गिलावा त्याने माझ्या चिऱ्यांवर केला आणि वर तांबड्या मातीचा थर दिला. तो ओला असतानाच लोखंडी टोचणीने कोरत गेला, तसा आतला पांढरा चुना दिसू लागला. या कामाला कावी म्हणतात. मोर उमटला, टोपीवाला शिपाई उमटला आणि एक हत्ती. हत्तीचे पोट जरा जास्तच सुटले आहे. सगुणाने हत्ती कधी पाहिला नसावा, म्हैस पाहिली असावी. पण मला तो फार आवडतो.

जत्रेला आलेली माणसे माझ्यापुढे थांबत. मधुकर नावाचा एक मुलगा दर दसऱ्याला हत्तीच्या सोंडेखाली उभा राहून उंची मोजायचा. डोके सोंडेला टेकले, त्या वर्षी त्याने अख्ख्या गावाला बोलावून ते दाखवले होते.

पुढे कुणीतरी मला गुलाबी ऑईलपेंट फासला. केवढा राग आला मला! चुन्याची भिंत पावसाळ्यात ओल घेते आणि बाहेर टाकते. वर तेलाचा रंग म्हणजे नाक दाबल्यासारखेच. मी तो धरलाच नाही. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटले आणि हत्तीने पुन्हा पोट बाहेर काढले.

आता तोच मधुकर देवळाच्या समितीचा अध्यक्ष आहे. समुद्रकाठच्या केरीला त्याचे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्यांचे घर आहे, सगळे टाईल्सचे. मंडपही तसाच चकचकीत व्हावा, असे त्याला मनापासून वाटले. टाईल्स आल्या. पण सिमेंट धरायला आधी मला छिन्नीने टोचे मारणार होते. रंग झटकता येतो, टोचे कसे झटकणार? चित्रे कायमची गेली असती.

आमच्याकडे देवाला विचारल्याशिवाय देवळात काही करत नाहीत. मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावतात. उजवी पडली की देवाचा होकार. त्याला कौल म्हणतात. मधुकरने कौल घेतला होता आणि उजवी पाकळी पडली होती.

सगुणाची नात विमला मंडपात बसून देवाचे हार करते. तिने त्याला अडवले.

"मधुकरा, तू देवाक किते विचारलंस?"

"देऊळ बरे करूंक कौल दी म्हणून."

"बरे करूंक देव 'नाका' कित्याक म्हणतलो? परत विचार! हत्ती पुसू काय, मोर पुसू काय, एकेकाचे नाव घेऊन विचार."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाकळ्या लागल्या. गवंडी छिन्नी घेऊन माझ्या पायाशी बसला होता. मला भीती वाटली, खोटे कशाला सांगू. मधुकरने हात जोडून देवाला गाऱ्हाणे घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" जमलेला गाव म्हणाला.

"आज आमी ह्या भिंतीवयलो हत्ती..."

तो थांबला. ती सोंड आता त्याच्या छातीपाशी येत होती. गाव 'होय म्हाराजा' म्हणायला टपून बसलेला, आणि याने जोडलेले हात खाली घेतले.

"मावशे, माका ह्या म्हणूंक जमणा ना," तो विमलाला म्हणाला. मग पुजाऱ्याकडे वळला. "भटानु, पाकळ्यो काडात."

टाईल्स टेम्पोत बसून केरीला गेल्या.

मित्रांनो, मला दया नको. छप्पर गळू देऊ नका, चीर पडली तर चुनाच भरा, एवढे पुरे. आणि एखादी जुनी भिंत पुसायची असेल, तर आधी तिच्यावरच्या एकेकाचे नाव मोठ्याने घ्या. ते जमले, तरच छिन्नी उचला. माझा हत्ती ऐकायला उभा आहे.