तरसाच्या तोंडाचा लांडगा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही तरस म्हणाल. म्हणा बापडे. मी लांडग्याचा मुखवटा आहे आणि आता म्हातारा झालोय. आमच्या कंपाला शहरात लांडगा कोणी पाहिलाय? म्हणून मला शिवताना नाकिमुलीने तिला माहीत असलेलं तरसाचं तोंड दिलं. आत जुन्या गादीचा फोम, वर बकऱ्याचं कातडं, मानेशी आवळायला टायरच्या ट्यूबची पट्टी. नाकिमुली रस्त्यावर कसाव्याचे कंद तळून विकायची. तिचा नवरा लुबवामा एरवी मोटारसायकलवरून माणसं पोहोचवायचा आणि रविवारी मला घालून सिनेमातला राक्षस व्हायचा.

दिग्दर्शक कातेन्डेला परीकथांचं भारी वेड. त्याच्या सिनेमात लाल टोपीवाली पोर बंदूक घेऊन जंगलात जायची आणि तिची आजी उडत्या लाथा मारायची. मला गोळ्या लागल्या, कुऱ्हाडी लागल्या, एकदा तर आजीने माझा कान दातांनी तोडला. पोरं मला बघून पळायची आणि लगेच परत यायची. माझा किती रुबाब होता तेव्हा!

आमच्याकडे सिनेमा चालू असताना एक जण भोंग्यावरून गोष्ट सांगतो आणि पात्रांची टर उडवतो. त्याशिवाय लोकांना सिनेमा पाहिल्यासारखा वाटतच नाही. आमचा सांगणारा वालुगेम्बे. तो शूटिंगलाही भोंगा घेऊन यायचा, तिथेच वाक्यं जुळवायचा, आणि ती ऐकायला वस्ती लोटायची.

त्या रविवारी लांडग्याचं मरण होतं. परीकथेतल्यासारखं पोटात दगड भरून त्याला डबक्यात ढकलायचं. कातेन्डेने सगळी काळजी घेतली. दगड कागदाचे होते, पाणी कमरेइतकं होतं. माझा विचार मात्र कोणी केला नाही. पाण्यात पडताच मी भिजलो, फुगलो, जड झालो आणि लुबवामाच्या नाकातोंडाला चिकटून बसलो. तो ओरडत होता, पण ते मला एकट्यालाच ऐकू येत होतं. बाहेर भोंगा गर्जत होता.

नाकिमुली काठावर कढईपाशी होती. लुबवामा नेहमी हात पसरून मरायचा, हे तिला ठाऊक होतं. आज त्याचे हात मानेवरची पट्टी ओढत होते.

"अरे थांबवा, तो मरतोय," ती म्हणाली.

"मरायचंच आहे त्याला, वहिनी," कातेन्डे कॅमेऱ्यामागून म्हणाला.

वालुगेम्बेने भोंगा तिच्याकडे वळवला. "मंडळी, बघा, लांडग्याची बायको रडायला लागली!"

लोक पोट धरून हसले. नाकिमुलीने कसावा कापायची सुरी उचलली आणि पाण्यात उडी टाकली. तिने पट्टी कापून मला ओढून काढलं, तेव्हा लुबवामा संपला होता. काठावर अजून टाळ्या चालू होत्या. तिने त्याला खूप हाका मारल्या. मला ते बघवत नव्हतं.

सिनेमा तुफान चालला. त्या प्रसंगाला वालुगेम्बे भोंगा खाली ठेवायचा, तर लोक शिट्ट्या मारून त्याला बोलायला लावायचे. नाकिमुलीने मला घरात घेतलं नाही. सिनेमाघराच्या मालकाने मला नवी पट्टी लावली आणि दाराशी टांगलं.

काल एका पोरीने हौसेने मला डोक्यावर चढवलं आणि पट्टी आवळून घेतली. थोड्या वेळाने ती आतून म्हणाली, "काढा ना." तिच्या मैत्रिणी हसत सुटल्या, एकीने टाळीही वाजवली. मित्रांनो, हसायचं तर खुशाल हसा. पण त्याआधी पट्टी सोडा.