ग्रोस

पंडितदाजींच्या ट्रकला ते इंजिन मीच बसवलं, हे आधी सांगून टाकतो. अलंगला फोडलेल्या कुठल्याशा जहाजावरचं, तीस वर्षांपूर्वीचं. दाजींच्या नेहमीच्या इंजिनाचा कागद म्हणत होता १०५ हॉर्सपॉवर, नेट. ते निकामी झालं होतं. या म्हाताऱ्या इंजिनाच्या पितळी पाटीवर होतं १२०, ग्रोस.

"दाजी, हे घोडे नागडे मोजलेत," सुरतेतल्या कतारगामच्या माझ्या गॅरेजात मी म्हणालो. "पंखा, डायनॅमो, सायलेन्सर सगळं काढून. ते लावलं की वीस-पंचवीस घोडे तिथंच मरतात. हे आधीच्यापेक्षा कमी ओढेल. ऊस कमी भरा."

सरलाअक्का, माझी सख्खी बहीण आणि दाजींची बायको, घरी पुठ्ठ्यांवर बटणं टाचायची. तिचा माल ग्रोसनेच मोजला जाई. ती हसली. "ग्रोस म्हंजे बारा डझन, काशिनाथ. कमी कसं व्हई?"

"तुनी बहिनले बी समजस," दाजी म्हणाले.

मला एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायचा राग येतो. "करा काय करायचं ते," म्हणून मी पाना आपटला. तो आवाज आजही मला झोपू देत नाही.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरातली पहिली खेप. दाजींनी दीड टन ऊस जास्त भरला. जास्तीच्या मोळ्या डाव्या दारावर लोंबत होत्या. कारखान्यात नारळ फोडायला अक्का कॅबिनमध्ये बसली. मला राहवेना, म्हणून मी मोटरसायकलवर मागे निघालो.

चलथाणच्या अलीकडे रुळांवर चढणारा छोटा चढ आहे. तिथं फाटक नाही. अर्ध्या चढावर इंजिनाचा आवाज खाली खाली बसत गेला. पुढची चाकं रूळ ओलांडून गेली आणि इंजिन बंद पडलं. दाजी स्टार्टर मारत राहिले. भुसावळकडून शिट्टी ऐकू आली.

मी मोटरसायकल टाकून धावलो. अक्काचं दार मोळ्यांनी दाबून धरलं होतं. मी दोन्ही हातांनी ऊस उपसत होतो. अक्का आतून शांतपणे म्हणाली, "तू सरक भाऊ." दाजी त्यांच्या बाजूने उतरले आणि तिला ओढू लागले. ती गिअरच्या दांड्यापर्यंतच पोचली होती, तेवढ्यात गाडी आदळली.

अक्काच्या तेराव्यानंतर बटणांचा व्यापारी तिचा राहिलेला माल न्यायला आला. पुठ्ठे मी मोजून दिले. बारा डझन, एकही बटण कमी नव्हतं.